परिच्छेद सातमधल्या दोन ओळी

मंगळवार, १२ ऑगस्ट १९९७. पेण, एसटी स्टँडच्या मागचं स्कॅन सेंटर.

हजर: डॉ. साठे, पनवेलहून सव्वादहाला. मशीनवर जयवंत. आया सुलभामावशी. पेशंट चंद्राबाई, वय एकावन्न, राहणार रोहा, आणि त्यांचे यजमान रामभाऊ. मी.

गैरहजर: वीज, नऊ ते दहा वीस.

ही हजेरी आठवणीतून लिहिलेली नाही. माझ्या त्या वर्षीच्या रोजवहीतून उतरवून काढली आहे. नोकरीतली सगळी वर्षं मी अशा वह्या ठेवल्या, अजूनही ठेवते. डाव्या पानावर कोण आलं, कोण नाही. उजव्या पानावर दिवसाची कामं. काम झालं की त्यावर लाल रेघ. संध्याकाळी पान लाल झालेलं दिसलं की मला जेवण गोड लागायचं. घरचे हसायचे, अजूनही हसतात. हसू देत. सेंटर बंद झालं, मशीन भंगारात गेलं, वह्या मात्र माझ्या कपाटात आहेत, आणि त्यांच्यामुळेच मला आज कुणाला "तसं काही झालंच नव्हतं" असं म्हणू देता येत नाही. स्वतःलासुद्धा नाही.

माझं काम काय होतं ते आधी सांगते. मी डॉक्टर नाही. नर्सिंग केलं, काही वर्षं दवाखान्यात काढली, आणि पेणला सीटी स्कॅनचं मशीन आलं तेव्हा तिथे व्यवस्थापक म्हणून लागले. मशीन परदेशात वापरून झालेलं, जुनं होऊन आपल्याकडे आलेलं. पण आलं याचंच अप्रूप. त्याआधी पोटात काय चाललंय हे बघायला माणसाला मुंबई गाठावी लागे. पेशंटला वेळ देणं, त्याची तयारी करून घेणं, फॉर्म भरणं आणि डॉक्टरांनी सांगितलेला रिपोर्ट टाइप करणं, हे सगळं माझ्याकडे होतं.

पोटाच्या स्कॅनची तयारी म्हणजे पाणी पिणं. साधं नव्हे, औषध घातलेलं. ते आतड्यात उतरलं की फिल्मवर आतड्याची पोकळी पांढरी दिसते आणि तिची भिंत उठून दिसते. आम्ही त्याला 'स्कॅनचं पाणी' म्हणायचो. तासाभरात हळूहळू लिटरभर प्यायचं. चव कडवट, म्हणून मी त्यात लिंबाचं सरबत घालायला लागले. तरी लोक सबबी काढत. नागोठण्याचे एक गुरुजी दर पाच मिनिटांनी रिकामा पेला दाखवून शाबासकी घेत होते. फिल्म आली तर आतडं काळंकुट्ट. व्हरांड्यातल्या क्रोटनच्या कुंडीत मात्र लिटरभर सरबत. सुलभामावशी त्यांना म्हणाल्या, "गुरुजी, आता त्या झाडाला आत घ्या नि त्याचा फोटू काढा." गुरुजी मुकाट्याने दुसरा लिटर प्यायले.

फिल्मवर काय दिसतं, तेही सांगते. चांगल्या आतड्याची भिंत पातळ असते, धुवट लुगड्याच्या पदरासारखी. तिला सूज आली की ती भिजलेल्या गोधडीसारखी जाड होते. आजूबाजूची चरबी एरवी स्वच्छ काळी दिसते, ती धुरकटते. शेजारच्या गाठी फुगतात. हे सगळं स्कॅन चोख दाखवतो. पण सूज आणली कुणी, हे तो बहुधा सांगू शकत नाही. क्षयाने येते, विषमज्वराने येते, आमांशाच्या जंतूने येते. क्रोन नावाच्या एका चिवट आजाराने येते. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर येते; खांब गावचे एक हृदयविकाराचे आजोबा तसे आले होते, सकाळी पोट दुखलं आणि दुपारी त्यांना मुंबईला हलवावं लागलं. कर्करोगही कधी सुजेचं सोंग घेऊन बसतो. आणि औषधांनीही येते. इथे जरा थांबा. हे शेवटचं नाव लक्षात ठेवा, कारण ते मी पुसलं.

डॉ. साठे मंगळवारी आणि शुक्रवारी येत. माणूस हुशार, नजर तीक्ष्ण, पण कायम घाईत. एका दिवसात पंधरा-सोळा फिल्मा बघायच्या आणि परतीची गाडी गाठायची. ते बोलत, मी टाइप करी. तेच ते आजार, तीच ती वाक्यं. तेव्हा मीच त्यांना सुचवलं, की नेहमीचे परिच्छेद कॉम्प्युटरवर तयार ठेवू, तुम्ही फक्त नंबर सांगा. त्यांना ते फार आवडलं. एका रविवारी बसून त्यांनी स्वतःच्या अक्षरात परिच्छेद लिहून दिले. मुतखड्याचा दोन नंबर, अपेंडिक्सचा पाच, आतड्याच्या सुजेचा सात. रिपोर्ट इंग्रजीत असे, पण अर्थ असा: आतड्याची भिंत जाड झाली आहे, पुढील कारणं संभवतात; आणि खाली क्रमाने नावं.

पुढे रिपोर्टासाठी पत्रिका, म्हणजे लेटरहेड, छापून आल्या. वर सेंटरचं नाव आणि मशीनचं चित्र, खाली पत्ता. मधे उरलेल्या जागेत रिपोर्ट बसवायचा. मालकांचा नियम होता: रिपोर्ट एका पानाचा. दोन पानं झाली की दुसरं पान हरवतं, पेशंट गोंधळतो आणि कागदही वाया जातो. नियम मला पटला होता. खरं सांगायचं तर तो नियम त्यांच्या डोक्यात मीच घातला होता. सात नंबरचा परिच्छेद लांब होता. डॉक्टरांची सही पानाखाली जाई. मी शेवटच्या दोन ओळी काढल्या. सही वर आली, पान नीट दिसायला लागलं. उजव्या पानावर 'पत्रिका जुळवणे' लिहिलं होतं, त्यावर लाल रेघ मारली.

डॉक्टरांना मी विचारलं नाही. त्यांनी त्यानंतर त्या परिच्छेदाखाली कितीतरी सह्या केल्या, त्यांनाही दिसलं नाही.

आता चंद्राबाई.

रोह्याला त्यांची खानावळ होती. कंपन्यांतल्या शिफ्टवाल्या लोकांसाठी. पहिल्या शिफ्टचे जेवून जायचे, दुसरीचे डबे रामभाऊ सायकलवरून पोचवायचे. मासळीचं कालवण, वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या. चुलीपुढे उभं राहून शंभराच्या वर भाकऱ्या रोज. बाई बारीक झालेली, गालफडं बसलेली, उजव्या कुशीत दुखणं. फॉर्म भरताना मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"कुठली औषधं चालू आहेत का?"

"नाय गो ताई. मला कसलं औषध? ह्या दुखण्याअगोदर मी आयुष्यात दवाखान्याची पायरी चढले नाय."

मी रकान्यात 'नाही' लिहिलं.

पहिला पेला त्या एका दमात प्यायल्या. पेला खाली ठेवून म्हणाल्या, "ताई, तुमच्या सरबताला मीठ कमी हाय."

"अगो, ते औषध हाय," सुलभामावशी म्हणाल्या.

"व्हय? मंग औषधाला मीठ कमी हाय."

फिल्म निघाली. डॉ. साठ्यांनी ती उजेडाच्या पेटीवर लावली, लहान आतड्याच्या शेवटाकडे बोट नेलं, पेनाच्या टोकाने भिंत मोजल्यासारखं केलं. "इथे बघा, चांगलीच जाड. सात नंबर टाका." पुढची फिल्म लावली. सात नंबर टाकला. सात नंबरमध्ये पहिलं नाव क्षयाचं होतं. ते पहिलं असणं चूक नव्हतं, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. आपल्या भागात आतड्याच्या त्या कोपऱ्यात सूज दिसली तर क्षयाचा विचार आधी यायलाच हवा. पण विचार आधी येणं आणि तिथेच संपणं यात फरक आहे.

त्यांना आमच्याकडे पाठवणाऱ्या रोह्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट उघडला, पहिलं नाव वाचलं आणि क्षयाचा औषधोपचार सुरू केला. ना दुर्बिणीने आतडं बघितलं, ना तुकडा तपासायला पाठवला. खाली आणखी पाच नावं होती, ती पानावर तशीच पडून राहिली. पानाच्या शोभेला.

डिसेंबरमध्ये, गुरुवारी, चंद्राबाई पुन्हा आल्या. मी दारात ओळखलं नाही. डोळे हळदीसारखे. पोटाचं दुखणं होतं तिथेच, वर कावीळ. क्षयाची औषधं कधी कधी यकृताला बाधतात. ज्याला क्षय आहे त्याने ती जोखीम पत्करायची असते, नजर ठेवून. पण ज्याला क्षयच नाही त्याने कशासाठी पत्करायची? हा विचार मला त्या दिवशी सुचला नव्हता. त्या दिवशी मी फक्त "रोह्याच्या डॉक्टरांनी पुन्हा स्कॅन सांगितलाय ना? बसा," एवढंच म्हटलं. डॉ. साठे एका तातडीच्या केससाठी वार सोडून आलेच होते.

रामभाऊंनी मला बाजूला घेतलं. एरवी न बोलणारा माणूस.

"ताई, ह्यो रोग जेवणातनं लागतो का?"

"आतड्याचा क्षय ताटातून लागत नाही, रामभाऊ. छातीचा एक्स-रे साफ आहे त्यांचा. कोण म्हणालं?"

"समदेच म्हणतात. औषधाच्या दुकानात कुणीतरी गोळ्या बघितल्या. टीबीच्या बाईच्या हातचं कोण खाईल? डबं होतं ते निम्म्यावर आलं. कालच्या दिसाला तर पाचच गेलं. पिंप भरून भात टाकला खाडीत."

पलीकडे बाकावर चंद्राबाई पाण्याचा पेला हातात घेऊन बसल्या होत्या. मी बोलत बोलत तिकडे पाहिलं. त्यांनी कमरेच्या चंचीतून एक कागद काढला, त्यातल्या दोन गोळ्या तोंडात टाकल्या आणि स्कॅनच्या पाण्याबरोबर गिळल्या. सुपारी टाकावी इतक्या सहज.

"चंद्राबाई! काय घेतलंत?"

"काय नाय. कंबरेची."

"कंबरेची म्हणजे?"

"गोळी गो. उभं राहून कंबर धरते, तिची. सकाळी दोन, सांजच्याला दोन. चुलीफुडं जायच्या आधी."

"केव्हापासून?"

त्यांनी रामभाऊंकडे पाहिलं. "खानावळ घातली तवापासनं. नऊ वर्सं?"

"दहा," रामभाऊ म्हणाले.

"मी तुम्हाला विचारलं होतं, औषध चालू आहे का. तुम्ही नाही म्हणालात!"

चंद्राबाई चिडल्या. उगाच नाही चिडल्या. "औषध डॉक्टर देतो, ताई. ही गोळी किराण्याच्या दुकानात मिळते, गोळ्या-बिस्किटाच्या बरणीशेजारी. ही काय औषध हाय? समद्या बाया घेतात. भातलावणीला घेतात, मिठागरात घेतात. मुकादम चहासंगती देतो."

मी तो कागद घेऊन आत गेले. डॉ. साठ्यांनी गोळी उलटीसुलटी केली आणि डोळे मिटले. अशा वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षं, उपाशीपोटी घेतल्या तर आतड्याला आतून जखमा होतात, भिंत सुजते, आणि ती सूज फिल्मवर क्षयासारखी दिसू शकते. हे त्यांनी मला सांगितलं. मग म्हणाले, "पण हे सात नंबरमध्ये आहे. मी स्वतः लिहिलंय. सगळ्या गोळ्यांची चौकशी करावी, असंही लिहिलंय. रोह्याच्या डॉक्टरांनी वाचलं कसं नाही?"

त्यांचा आवाज चढला होता आणि माझाही. रोह्याच्या डॉक्टरांचा मलाही भयंकर राग आला होता. मी तावातावाने फाइल काढायला गेले. डॉक्टरांच्या हस्ताक्षरातले मूळ परिच्छेद माझ्याकडे होते. माझ्याकडे नसणार तर कुणाकडे? सात नंबरचा कागद निघाला. शेवटच्या दोन ओळी अशा होत्या: औषधांचा परिणाम, विशेषतः वेदनाशामक गोळ्या. रुग्ण घेत असलेल्या सर्व गोळ्यांची चौकशी करावी. त्या दोन ओळींवर पेन्सिलीची रेघ होती आणि समासात बारीक, नीटनेटक्या अक्षरात एक शब्द: जागेअभावी.

अक्षर माझं.

मी तो कागद डॉक्टरांपुढे ठेवला. लपवायचा विचार मनात आला नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. आला. तीन पावलं चालेपर्यंत होता.

"तुम्ही काढल्यात?" ते म्हणाले.

"हो. आणि तुम्ही वर्षभर त्याखाली सही केलीत."

जयवंत मशीनच्या खिडकीतून बघत होता. डॉक्टरांनी दार लोटलं, फोन उचलला आणि रोह्याला लावला. पलीकडचं मला ऐकू येत होतं, एवढ्या मोठ्याने ते बोलत होते.

"तुमच्याच रिपोर्टात क्षय पहिला लिहिलाय, साठेसाहेब."

"सहा नावं लिहिली होती."

"मग सहाही नावांना औषध देऊ का मी?"

"एकाला तरी पुरावा शोधायचा."

"पुरावा शोधायला पेशंट मुंबईला जातोय का? शिफ्टचे डबे कोण करणार म्हणते ती. तुम्ही पनवेलहून येता आणि नंबर सांगून जाता. इथे आमच्यापुढे माणूस बसलेला असतो."

मी त्या माणसावर रागावलेली होते आणि त्याचं शेवटचं वाक्य खरं होतं. पण सात नावांमधलं एक नाव त्याला मिळालंच नव्हतं, हे सांगायची ती वेळ होती. डॉ. साठ्यांनी ते सांगितलं नाही. "ती वेदनाशामक घेतेय दहा वर्षं. त्या आणि क्षयाच्या, दोन्ही गोळ्या बंद करा आणि मुंबईला पाठवा," एवढंच बोलून फोन ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या ओळी आजच्या आज परत घाला. आणि हे बाहेर बोलायचं नाही."

ओळी मी परत घातल्या. सही पानाखाली गेली, म्हणून पत्रिकेवरचं मशीनचं चित्र काढून टाकलं. जागा झाली. ती पहिल्या दिवशीही झाली असती. मशीनचं चित्र ठेवलं आणि माणसाच्या गोळ्या काढल्या, हे आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात. मालकांनी विचारलं चित्र का गेलं, तर मी त्यांच्यावर अशी ओरडले की पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

आणि बाहेर बोलायचं नाही, हे मी ऐकलं.

मुंबईच्या सरकारी रुग्णालयात दुर्बिणीने तपासणी झाली. आतड्याचे तुकडे तपासले. क्षयाचा मागमूस नाही. जखमा गोळ्यांच्या दिसतात, असं तिथल्या कागदावर आलं. गोळ्या बंद झाल्या, कावीळ उतरली. एप्रिलमध्ये तिसरा स्कॅन केला तेव्हा भिंत बरीचशी पातळ झालेली. डॉ. साठ्यांनी फिल्म बघून "छान" म्हटलं. चंद्राबाई मला म्हणाल्या, "ताई, तुमची नजर होती म्हणून वाचले. नायतर मेले असते." आणि पिशवीतून कडवे वाल काढून माझ्या टेबलावर ठेवले. मी ते घेतले.

मग त्यांनी मागणी केली.

"आता एक कागद द्या. मला टीबी नव्हता, असा. तुमच्या मशीनचं नाव वर छापलेला. खानावळीत भिंतीला लावते. मुंबईचा कागद कुणाला वाचता येत नाय, तो हातानं खरडलेला हाय. तुमचा छापील हाय. तुमच्या कागदानं नाव लागलं, तुमच्याच कागदानं पुसून द्या."

यात अवघड काय होतं? मी कागद टाइप केला. चार ओळी. डॉ. साठ्यांपुढे ठेवला. त्यांनी पेन उघडलं, वाचलं आणि पेन बंद केलं.

"असं देता येत नाही. आपण क्षय आहे असं म्हटलंच नव्हतं. संभवतो म्हटलं होतं. जे म्हटलंच नाही ते मागे कसं घेणार?"

मी म्हटलं, "डॉक्टर, ते तुम्हाला आणि मला कळतं. रोह्याच्या बाजारात 'संभवतो' कुणी वाचलं? तिथे टीबी एवढंच पोचलं."

"रोह्याच्या डॉक्टरांकडून घ्या म्हणावं."

रोह्याचे डॉक्टर म्हणाले, स्कॅनवाल्यांकडून घ्या. मी मालकांकडे गेले. मालक म्हणाले, आज एकाला दिला तर उद्या दहा जण मागतील. अशी ही बरोबर माणसं. प्रत्येकजण आपापल्या जागी बिनचूक, आणि सगळ्यांच्या मधे एक बाई उभी, जिच्या हातचं कुणी खात नव्हतं.

मे महिन्यात मी स्वतः रोह्याला गेले. खानावळीत दुपारच्या वेळी चार माणसं. पूर्वी बाहेर चपला ठेवायला जागा नसे, असं रामभाऊ म्हणाले. मी त्या चौघांना मुंबईचा कागद मोठ्याने वाचून दाखवला. एकाने विचारलं, "तुम्ही डॉक्टर हाव काय?" मी म्हटलं, नाही. "मंग?" तो म्हणाला आणि हात धुवायला उठला. येताना मी किराण्याच्या दुकानात शिरले. बिस्किटाच्या बरणीशेजारी गोळ्यांची बरणी होती. मी दुकानदाराला खूप बोलले. तो शांतपणे म्हणाला, "बाई, मी बंद केली तर पलीकडचा देल. कंबर काय माझ्या दुकानामुळं दुखते?" याही माणसाचं काही चुकत नव्हतं! राग यायला समोर एखादा नालायक माणूस तरी हवा होता. मला कुणीच मिळाला नाही. ज्यांच्यावर ओरडावं ते सगळे शहाणे.

पावसाळ्याआधी खानावळ बंद झाली. त्या जागेत शिंप्याचं दुकान आलं. चंद्राबाई बाजारात भाजीची टोपली घेऊन बसायला लागल्या. पुढच्या वर्षी भेटल्या तेव्हा हसत म्हणाल्या, "माझ्याकडनं कच्चं घेतात, ताई. शिजवलेलं नाय घेत. त्यांच्या घरी शिजलं की टीबी मरतो वाटतं."

मी काहीच केलं नाही, असं नाही. फॉर्ममधला 'औषध चालू आहे का' हा प्रश्न मी काढून टाकला. त्याजागी पायापासून वर जायला लागले: गुडघ्याची गोळी घेता? कंबरेची? पोटाची? डोक्याची? झोपेची? किराण्याच्या दुकानातली? हकिमाची पुडी? एसटीचे एक निवृत्त ड्रायव्हर गुडघ्याला नाही म्हणाले आणि कंबरेशी आल्यावर म्हणाले, "हां, इंजेक्शन मारतो ना तिथे, दर पंधरवड्याला, अंगात जोर यावा म्हणून." सुलभामावशी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "हे औषध नाय, ह्यो खुराक हाय." सेंटर बंद होईपर्यंत त्या यादीने किती माणसं पकडली, ते माझ्या वह्यांत आहे. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. जयवंत आता अलिबागकडे दुसऱ्या सेंटरात असतो. तो सांगतो की तिथेही त्याने ही यादी चालवली आहे.

पण गेल्या महिन्यात माझ्या जावेचा स्कॅन झाला. झकपक सेंटर, नवं मशीन, काही सेकंदांत पोट बघून मोकळं. रिपोर्ट गुळगुळीत कागदावर. आतड्याची भिंत जाड, पुढील कारणं संभवतात. मी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. औषधांचं नाव नाही. फॉर्मवर प्रश्न तोच: काही औषधं चालू आहेत का? जावेने 'नाही' लिहिलं होतं. तिच्या पर्समध्ये गुडघ्याच्या गोळ्यांचं पाकीट होतं. मी काउंटरवरच्या मुलीला एवढं बोलले की सुरक्षारक्षक आला. मुलगी म्हणाली, "मॅडम, आमचा फॉरमॅट ठरलेला आहे." फॉरमॅट कसा ठरतो, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

घरी येऊन अठ्ठ्याण्णवची वही काढली. एप्रिलचं उजवं पान. सगळी कामं लाल. एकच ओळ कोरी: 'चंद्राबाई, रोहा, कागद.' दर वर्षी नवी वही घातली की मागच्या वहीतली राहिलेली कामं मी पहिल्या पानावर उतरवते. ही ओळ प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर आहे. या वर्षीच्याही.

वाल अजून येतात. दर वर्षी, कुणाच्या तरी हाती, कापडाच्या पिशवीत. निरोप ठरलेला: ज्या ताईने वाचवलं तिला द्या. चंद्राबाईंना त्या दोन ओळींबद्दल ठाऊक नाही.

म्हणून कागद आता मी नव्याने टाइप केला आहे. डॉक्टर नाहीत, सेंटर नाही, पत्रिका नाही. सही माझी एकटीची. वरच्या भागात लिहिलं आहे की चंद्राबाईंना क्षय नव्हता, कधीच नव्हता, आणि मुंबईच्या तपासणीत काय निघालं. खालच्या भागात लिहिलं आहे की ज्या रिपोर्टामुळे हे झालं, त्यातल्या दोन ओळी कुणी काढल्या आणि का. खालचा भाग मी चार वेळा काढून पाहिला. कागद आटोपशीर दिसायला लागला. चारही वेळा परत घातला.

सगळं मिळून एका पानात बसतं. रोह्याला न्यायचं राहिलं आहे.